कात्यायनीचा वाटा

गेल्या वेळी आपण स्वातंत्र्य या कल्पनेबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, की हे सगळं बायकांच्या आर्थिक सक्षमीकरणाला कसं लागू होतं? सक्षमीकरण हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या फलकापासून दावोसच्या परिषदेपर्यंत सगळीकडे आहे. जो शब्द सगळीकडे असतो त्याकडे जरा संशयानं पाहावं, ही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची जुनी खोड. तेव्हा आज आम्ही एका मोठ्या पुस्तकाचा आधार घेऊन, आणि त्याच्याशी थोडं भांडून, हा विषय मांडणार आहोत. पुस्तक अमर्त्य सेन यांचं, ‘डेव्हलपमेंट अ‍ॅज फ्रीडम’, १९९९ चं. आणि भांडायला जागा निवडली आहे ती आपलीच, कोल्हापूर जिल्हा.

सेन यांच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात बृहदारण्यक उपनिषदातल्या एका संवादानं होते. अर्थशास्त्राचं पुस्तक आणि सुरुवात उपनिषदानं, म्हणून आम्हाला ते पहिल्या वाचनातच आवडलं होतं. प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत. मैत्रेयी विचारते, की धनानं भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का? नाही, असं उत्तर मिळतं. मग ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू, असं ती म्हणते. सेन यांना यातून दाखवायचं आहे ते असं, की संपत्ती हे साधन आहे, साध्य नाही. माणसाला काय करता येतं, कसं जगता येतं, हे विकासाचं खरं माप. मुद्दा बरोबर आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. या प्रसंगात आणखी एक बाई आहे. तिचं नाव कात्यायनी. याज्ञवल्क्यांना दोन बायका होत्या, आणि संवाद सुरू होतो तोच मुळी वाटणीवरून. मी आता जाणार, तेव्हा तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून टाकतो, असं ते मैत्रेयीला सांगतात. म्हणजे अमरत्वाची ही थोर चर्चा निघाली ती एका वाटणीपत्रातून! मैत्रेयीनं धन नको म्हटलं आणि ती ब्रह्मवादिनी म्हणून अमर झाली. कात्यायनीबद्दल उपनिषद एवढंच सांगतं, की तिची समज सामान्य बायकांसारखी होती. तिनं वाटा घेतला का, तो तिच्याकडे राहिला का, गायी कोणी राखल्या, हे कोणी विचारलं नाही. आम्ही कित्येक वर्षं हा संवाद वर्गात शिकवला. प्रश्न नेहमी मैत्रेयीवर यायचा, कात्यायनीवर एकदाही आला नाही.

सेन यांचा रोखही मैत्रेयीच्या प्रश्नावरच आहे. पण विकासाचा प्रश्न खरा कात्यायनीचा आहे. ज्या बाईला धन नाकारण्याचं स्वातंत्र्य हवं आहे, तिच्या हातात आधी ते धन तर यायला हवं. नाकारायलासुद्धा मालकी लागते. आणि नेमकं इथंच आपल्या जिल्ह्याची गोष्ट सुरू होते.

सेन यांच्या पुस्तकाचं आठवं प्रकरण स्त्रियांच्या कर्तेपणावर आहे. घरात बाईचा शब्द कशानं चालतो, याची ते कारणं देतात. तिची स्वतःची मिळकत, घराबाहेरचं काम, मालकीहक्क आणि शिक्षण. यादी चांगली आहे. पण यादीत गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या, की त्या एकमेकींची जागा घेऊ शकतात असं वाटायला लागतं. शिक्षण दिलं ना, मग मालकीचं बघू पुढं. बचत गट काढला ना, मग सातबाऱ्याचं कशाला काढता? सरकारी योजनांची भाषा तपासली तर ही अदलाबदल पानोपानी सापडते. पुस्तकाचा हा दोष नाही, पण पुस्तकाच्या मांडणीनं त्याला वाट करून दिली.

आता कोल्हापूर पाहा. इथं बाई काम करते का, हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. पहाटे म्हशीची धार काढते ती बाई. वैरण-पाणी, शेण-घाण तिच्याकडे. उसाची भांगलण, भाताची रोप लावण तिच्याकडे. कोल्हापुरी चपलेची नाजूक वेणी आणि शिलाई घराघरातल्या बायकांच्या बोटांतून उतरते. गोकुळ दूध संघ १९६३ चा. दर दहा दिवसांनी मिळणारं दुधाचं बिल हा आपल्या ग्रामीण अर्थकारणाचा कणा आहे. पण गावच्या संस्थेत सभासद म्हणून नाव बहुतेक वेळा कोणाचं असतं? साखर कारखान्याचा सभासद कोण, तर ज्याच्या नावावर ऊस आहे तो. ऊस कोणाच्या नावावर, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. म्हणजे काम बाईचं, आणि कागद पुरुषाचा. देशभराची शेतीगणना २०१५-१६ ला झाली, तेव्हा वहिवाटदार म्हणून नोंदलेल्या शेतकऱ्यांत बायका सुमारे १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्यांत किती, ते आपण बांधावर उभं राहून मोजू शकता.

जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकात सांगून गेला, की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळं ती जमीन त्याची होते. खासगी मालकीच्या समर्थनाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. हे तत्त्व प्रामाणिकपणे लावलं, तर करवीर आणि पन्हाळा तालुक्यातले निम्मे सातबारे उद्या सकाळी बदलावे लागतील. अर्थात लॉकलाही ते अभिप्रेत नव्हतं. कष्ट मोजताना त्याच्याही नजरेसमोर घरचा कर्ता पुरुषच होता.

आता कोणी म्हणेल, की जिल्हा संपन्न झाला, दूध आलं, ऊस आला, तेव्हा बायकांचंही आपोआप भलं झालं असेल. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. २०११ ला ८६३. ज्या राजानं १९१९ साली स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा केला, त्या शाहू महाराजांचा हा जिल्हा. आणि ही आकडेवारी दुष्काळी मुलखातली नव्हे, पाटाच्या पाण्याखालच्या मुलखातली आहे. संपन्नता आली, पण मुलगी नको झाली. तेव्हा केवळ उत्पन्न वाढलं की स्त्रीचं मोल वाढतं, हे गृहीतक आपल्या दारातच कोसळलेलं आहे.

मग जगानं उपाय काढला, कर्ज. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात सुरुवात केली, १९८३ ला ग्रामीण बँक झाली, २००६ ला नोबेल. आपल्याकडे नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला घेतले. त्याआधी १९७५ साली राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं होतं. आपल्या शेजारी, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली उभी केली. परवान्यासाठीचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. ही कहाणी आम्हाला फार मोलाची वाटते.

तेव्हा कर्ज म्हणजे फसवणूक, असं आमचं म्हणणं नाही. मार्था नुसबाम यांच्या २००० सालच्या पुस्तकात अहमदाबादच्या वसंतीची हकीकत आहे. दारुड्या नवऱ्याला सोडून ती माहेरी आली. शिवणकामाच्या यंत्रासाठी भावांनी पैसे दिले. पुढं सेवा संस्थेकडून कर्ज काढून तिनं पहिलं काम काय केलं, तर भावांचे पैसे फेडले. भाऊ चांगले होते, तरीही फेडले. संस्थेचं कर्ज हप्त्यानं फेडता येतं. भावाच्या उपकाराला हप्ता नसतो. तो किती फिटला, हे कधीच कळत नाही. हे वसंतीला उमगलं होतं.

पण कर्जाची दुसरी बाजूही आहे. अ‍ॅन मेरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ साली बांगलादेशातल्या अशा कर्जांचा अभ्यास छापला. त्यात दिसलं, की बाईच्या नावावरच्या कर्जाचा मोठा भाग प्रत्यक्षात घरातल्या पुरुषाच्या हातात जातो आणि हप्त्याची जबाबदारी मात्र बाईची राहते. आपल्या गावातला बचत गट आठवून पाहा. ट्रॅक्टरच्या हप्त्याला कमी पडले म्हणून गटातून उचल, पोराच्या मोटारसायकलला उचल. ट्रॅक्टर कोणाच्या नावावर? मोटारसायकल कोणाच्या? मालमत्ता एका नावावर आणि कर्ज दुसऱ्या नावावर, याला सक्षमीकरण म्हणायचं का?

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे एक दस्त आहे, ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि ज्यावर व्याख्यान सहसा होत नाही. हक्कसोडपत्र.

थोडा इतिहास. हिंदू बायकांच्या मालमत्तेचा पहिला मोठा कायदा १९३७ चा. तो मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांनी नेटानं पुढं नेला म्हणून देशमुख कायदा म्हणून ओळखला जातो. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. १९५६ ला वारसा कायदा आला, पण वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं हिस्सेदार नव्हतीच. महाराष्ट्रानं १९९४ ला तिला हिस्सेदार केलं, मात्र आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ ला केंद्रानं सर्व मुलींना तो हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बुडत नाही. सुमारे ऐंशी वर्षांची ही वाट. आणि एवढ्या कष्टानं आलेला हक्क दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर, अर्ध्या तासात सुटतो. वडील वारतात, वारस नोंद होते, भाऊ गाडी पाठवतो, बहीण येते, सही करते, साडी घेऊन परत जाते.

बहीण सही का करते? इथं दोन विचारवंतांत मतभेद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सेन यांनी १९९० साली कुटुंबाबद्दल एक सिद्धांत मांडला. कुटुंबात सहकार्य असतं आणि संघर्षही असतो. घासाघाशीत बाई मागं पडते, त्याचं एक कारण त्यांच्या मते असं, की स्वतःचं हित आणि घरचं हित तिला वेगळं दिसतच नाही. आपला वाटा किती, आपलं योगदान किती, याची तिची जाणीवच पुसट असते.

बीना अगरवाल यांना हे पटत नाही. ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’ हे त्यांचं १९९४ चं पुस्तक, आणि नंतर १९९७ चा निबंध. त्या म्हणतात, बाईला आपलं हित कळत नाही असं समजू नका. तिला चांगलं कळतं. तिच्यापुढचे पर्याय तोकडे आहेत. उद्या नवऱ्यानं टाकलं, विधवापण आलं, तर जायचं कुठं? भावाच्या दारात. त्या दाराची किंमत म्हणून ती जमीन देते. हा विम्याचा हप्ता आहे म्हणा ना.

आमचा कल अगरवालांकडे आहे. आपल्या बायकांची बोली ऐकली तर त्यांना कळत नाही असं कोणी म्हणणार नाही. ‘माहेर तुटंल’ एवढंच त्या म्हणतात. त्या दोन शब्दांत सगळा जमाखर्च आहे. पण अगरवालांच्या मांडणीलाही आमची एक पुस्ती आहे. ज्या भावाच्या आधारासाठी बहीण जमीन सोडते, त्या आधाराचा करार कुठं लिहिलेला असतो? जमीन नोंदणीकृत दस्तानं जाते, आणि बदल्यात मिळतं ते तोंडी असतं. भाऊ आहे तोवर ठीक. पुढं भाचे, त्यांच्या बायका, त्यांचे प्लॉट. एका बाजूला पक्का कागद आणि दुसऱ्या बाजूला नुसती माया, अशा व्यवहाराला समतोल सौदा म्हणता येत नाही.

मग प्रश्न येतो संमतीचा. कायदा म्हणतो, तिनं राजीखुशीनं सही केली. तत्त्वज्ञान विचारतं, राजीखुशी म्हणजे काय? आम्ही तीन कसोट्या सुचवतो. एक, आपण काय सोडतो आहोत त्याची आजची किंमत तिला माहीत होती का? दोन, नाही म्हणायला तिला वेळ आणि जागा होती का? आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. नाही म्हटलं असतं तर, जे तिचंच आहे असं दुसरं काही तिला गमवावं लागलं असतं का? माहेर हे बक्षीस नव्हे, ते लेकीचं असतंच. ते रोखून धरून घेतलेली सही ही संमती नव्हे, ती खंडणीच्या जवळ जाते. शब्द कठोर आहे. पण बहुतेक भाऊ दुष्ट नसतात. रीतच अशी आहे, की चांगल्या भावाच्या हातूनही हे घडतं. म्हणूनच ते अवघड आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला, जमिनीचे तुकडे होतात. आपल्याकडे वीस-वीस गुंठ्यांवर आलं आहे, हे खरं. पण तीन भाऊ असले म्हणून धाकट्याला कोणी म्हणत नाही, की तुकडे नकोत, तू हक्कसोड कर. तुकड्यांची काळजी बहिणीच्या पाळीलाच का जागी होते? शिवाय नाव राहिलं म्हणून वाटप करावंच लागतं असं नाही. जमीन एकत्र राहू द्या, भाऊ कसू दे, तिला तिच्या हिश्श्याचं द्या. दुसरा आक्षेप, लग्नात खर्च केला. केला, पण तो मांडवात आणि सासरच्या घरात गेला, तिच्या नावावर गेला नाही. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून वजा होत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. सोनिया भालोत्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास छापला. मुलींना वारसा देणाऱ्या सुधारणांनंतर मुलग्याची ओढ आणखी तीव्र झाली, असं त्यात दिसलं. म्हणजे मुलगी वाटा नेणार म्हणून मुलगीच नको. ८३९ हा आकडा ऐकलेल्या जिल्ह्याला हे ऐकून धक्का बसायला हवा. म्हणून हक्क काढून घ्यायचा का? आम्हाला उलट वाटतं. म्हातारपणी आईबाप मुलाकडेच राहणार, ही समजूत कायम ठेवून फक्त वारसा बदलला, म्हणून हे झालं. जबाबदारी एकाकडे आणि वाटा दोघांना, असं आईबापांना दिसतं. खरं पाहता, आजारी आईला दवाखान्यात नेणारी, डबा पोचवणारी लेक आज घरोघर आहे. तिची सेवा मोजली जात नाही, म्हणून तिचा वाटा भार वाटतो. हक्क आणि कर्तव्य दोन्ही दोघांचं, हे एकदमच यावं लागेल.

मालकीनं फरक पडतो का? अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अभ्यास केला, तो २००५ ला प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांच्यात ४९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत ७ टक्के. जिला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलताना माणूस विचार करतो. एवढं साधं आहे ते.

आता नुसत्या नावाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या जमिनी आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं, देवीचं नाव असतं. कायदा देवतेला व्यक्ती मानतो, पण कायमची अज्ञान, म्हणजे सज्ञान न होणारी व्यक्ती. कारभार दुसऱ्यानं पाहायचा. घरच्या लक्ष्मीच्या नावावर मुद्रांकाची सवलत घेऊन फ्लॅट केला आणि कपाटाची किल्ली, चेकबुक, निर्णय सगळं नवऱ्याकडे, तर तिचीही आपण देवीच केली. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. सवलत चांगली, पण ती नावाला आहे, कारभाराला नाही.

शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं आणि पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे करायचा. १९९२ ला शासनानं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागेल. ही तरतूद आपल्यापैकी किती जणांनी वापरली? यातली ऋण फेडण्याची भाषा आम्हाला आवडते. दान ऐच्छिक असतं, ऋण फेडावंच लागतं. मात्र अर्ज नवऱ्यानं करायचा आहे. ऋणकोच्या मर्जीवर धनकोनं थांबायचं, ही त्यातली उणीव. आज लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये बाईच्या खात्यावर येतात. बऱ्याच बायकांसाठी स्वतःच्या खात्याशी आलेला हा पहिलाच नियमित संबंध आहे, त्याला हसू नये. पण सरकारची लाडकी बहीण असणं आणि भावाची हिस्सेदार बहीण असणं, यांत फरक आहे. पहिलं अनुदान आहे, ते सरकारच्या मर्जीनं चालतं. दुसरा हक्क आहे.

तेव्हा सेन यांच्या यादीला आमची दुरुस्ती एवढीच, की मालकीहक्क हा यादीतला एक मुद्दा नव्हे, तो बाकीच्यांच्या खालची जमीन आहे. शिक्षण, मिळकत, कर्ज त्यावर उभं राहतं. जमीन दुसऱ्याची असेल तर वरचं बांधकाम कितीही देखणं असो, खाली कर म्हटलं की करावं लागतं.

आणि मैत्रेयीचं काय? तिचा प्रश्न कायम आहेच. धनानं अमरत्व मिळत नाही, हे खरं. पण ते म्हणण्याचा अधिकार जिच्यासमोर वाटा मांडला गेला तिला होता. आपल्या घरातल्या बायकांनाही तो प्रश्न विचारू द्या, आधी वाटा समोर ठेवून.

व्याख्यान संपवताना उपदेश करू नये म्हणतात. म्हणून चार कामं सांगतो, ती उपदेशापेक्षा सोपी आहेत. आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ काढा आणि त्यावर कोणाची नावं आहेत ते मोठ्यानं वाचा. दूध संस्थेत जी धार काढते तिचं नाव सभासद म्हणून लावा आणि बिल तिच्या खात्यावर जाऊ द्या. १९९२ च्या परिपत्रकाचा अर्ज तलाठ्याकडे द्या. आणि बहिणीकडून हक्कसोड घ्यायचीच वेळ आली, तर तिला जमिनीचा चालू भाव सांगा, महिनाभर विचार करू द्या, आणि दस्ताच्या आधी स्पष्ट सांगा, की नाही म्हणालीस तरी दिवाळीला गाडी येणारच. एवढं सांगूनही तिनं सही केली, तर ती तिची सही. भावांना आमचं आव्हान नाही, विनंती आहे. बहिणींना मात्र एक प्रश्न आहे, तो प्रश्नोत्तरांत त्यांनीच उलगडावा. आपण सही केली असेल, तर त्या दिवशी आपल्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं का?

आता प्रश्न घेऊया.